मापाचा तारा

मास्तरांनी कधी कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. वेधशाळेत कुणाच्या अहवालात चूक दिसली की ते समासात पेन्सिलीने बारीकसं प्रश्नचिन्ह काढत आणि थोड्या वेळाने, आपलंच चुकत असेल असं वाटून, खोडून टाकत. खोडलेलं प्रश्नचिन्ह कागदावर उमटून राहायचंच. त्यावरून कुणीतरी त्यांना मास्तर म्हणू लागलं. नोकरी संपली, पण नाव काही सुटलं नाही.

निवृत्तीनंतर त्यांना जिन्याखालची खोली वापरू दिली होती. तिचं छत एका बाजूने उतरत गेलेलं, त्यामुळे कपाटाकडे जाताना मान वाकवावी लागे. नवख्या माणसाचं डोकं तिथे हमखास आपटे. मास्तरांचं कधी आपटलं नाही. ते एरवीही थोडे वाकूनच चालत. खिडकीतून सायकली लावायची जागा दिसे. टेबलावर संगणक, वेटोळ्या वायरचा जुना फोन आणि चहाचा कप. दुर्बीण इथे नव्हतीच. ती लांब डोंगरावर होती आणि तिथला माणूस ठरलेले फोटो काढून पाठवून देई. मास्तर सकाळी कुलूप उघडत तेव्हा आदल्या रात्रीचं आकाश संगणकात येऊन पडलेलं असे. त्यांचं तारे बघणं हे असं दिवसाउजेडी, सायकलींच्या घंटा ऐकत चाले.

काम एकच उरलं होतं. आकाशाच्या एका कोपऱ्यातून अधूनमधून गॅमा किरण येत. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. ते पकडणारी दुर्बीण उपग्रहावर बसवलेली असते आणि तिची नजर तशी अधू. ‘इथून कुठून तरी येतंय’ एवढंच ती सांगू शकते. ‘इथून’ म्हणजे आकाशाचा बराच मोठा तुकडा, आणि त्यात तारे, दीर्घिका, काय काय गर्दी. एखाद्या मोठ्या इमारतीतून कुणाच्या तरी खोकल्याचा आवाज यावा आणि नेमका कुठल्या बिऱ्हाडातून ते कळू नये, तसं. मग बाकीच्या दुर्बिणी कामाला लागतात. कुणी रेडिओ लहरींत बघतं, कुणी क्ष-किरणांत, कुणी मास्तरांसारखं साध्या उजेडात. खोकला आला की कुठल्या खिडकीत दिवा लागतो ते बघत बसायचं. एकदा लागला तर तो योगायोग असेल. पण दर खोकल्याला त्याच खिडकीतला दिवा लागत असेल, तर माणूस सापडला.

खोकल्याचा हा दाखला बाईंचा. बाई म्हणजे रेडिओवाल्या बाई. त्या दुसऱ्या शहरात, रेडिओ दुर्बिणीच्या केंद्रात काम करत. कुठल्याशा परिषदेत जेवणाच्या रांगेत मास्तरांची आणि त्यांची गाठ पडली होती, तेवढीच. मास्तरांच्या हातातल्या ताटात चमचा नव्हता आणि मागायचा संकोच वाटत होता; बाईंनी स्वतःच्या ताटातला उचलून त्यांच्या ताटात ठेवला आणि रांगेत पुन्हा मागे जाऊन उभ्या राहिल्या. त्यानंतर सगळं फोनवर. दर गुरुवारी दुपारी फोन वाजे.

“काय म्हणतायत आपले खोकलेबुवा?” हे बाईंचं पहिलं वाक्य.

“आज शांत आहेत,” मास्तर म्हणत, किंवा, “परवा जरा ढास लागली होती.”

मग आकडे. बाई रेडिओचे सांगत, मास्तर उजेडाचे. आकडे संपले की थोडं इकडचं तिकडचं. बाईंच्या केंद्रात माकडांनी पुन्हा केबल कुरतडली, मास्तरांच्या खिडकीत कबुतराने पुन्हा अंडं घातलं. शेवटी बाई म्हणत, “चला, निघते. घर वाट बघतंय.” मास्तर फोन ठेवत आणि काही वेळ हात त्यावर तसाच राही. घर म्हणजे कोण कोण, हे त्यांनी कधी विचारलं नाही. भरलेलं असणार. इतकं मोकळं हसणारी माणसं भरल्या घरातली असतात, असं त्यांना वाटे.

मास्तरांनी स्वतःहून फोन मात्र कधी केला नव्हता. बाईंनाच असं नाही, कुणालाच. आपण फोन करावा आणि समोरचं माणूस नेमकं घास तोंडात घालत असेल, किंवा दारात पाहुणे उभे असतील, किंवा नुसतंच त्याला आपल्याशी बोलायचं नसेल, या विचाराने त्यांचा हात अर्ध्या वाटेवरून परत येई.

खोकलेबुवा कोण याबद्दल दोघांचा संशय एका दीर्घिकेवर होता. रेडिओत ती दणदणीत दिसे. अडचण एकच होती, पण ती मोठी विचित्र. गॅमा किरण वाढले की दीर्घिका उजळायला हवी. मास्तरांच्या फोटोंत ती प्रत्येक वेळी मंदावत होती. खोकला आला की दिवा विझायचा.

“उलटा दिवा!” बाई म्हणाल्या होत्या. “असं कुणीच पाहिलेलं नाही, मास्तर. उलटं का होईना, पण दर वेळी तसंच होतंय ना? मग तीच आहे ती.” त्यांनी त्यावर एक उपपत्ती मांडली होती, वाटेतल्या धुळीची, जरा आडवळणाची पण देखणी, आणि येत्या परिषदेत त्या ती मांडणार होत्या. कधी नव्हे ते मुख्य सभागृहात. आवाज शांत ठेवायचा प्रयत्न करत त्यांनी ते सांगितलं होतं, आणि तो प्रयत्न मास्तरांना ऐकू आला होता.

त्यानंतर डोंगरावर नवा कॅमेरा बसला.

ताऱ्याचा उजेड मोजणं दिसतं तितकं सरळ नसतं. हवा रोज सारखी नसते. आज धुकं, उद्या धूळ, सगळंच मंद दिसतं. म्हणून त्याच फोटोतला शेजारचा एखादा न बदलणारा तारा घ्यायचा आणि त्याच्या तुलनेत आपली वस्तू मोजायची. हा मापाचा तारा. खरं तर असे तीन-चार घ्यावेत. पण जुन्या कॅमेऱ्याची चौकट एवढीशी होती आणि आकाशाचा तो कोपरा ओसाड. चौकटीत बेताच्या उजेडाचा एकच तारा मिळाला होता. सुरुवातीला कित्येक महिने पारखूनही त्याचा उजेड जागचा हलला नव्हता. तेव्हापासून मास्तर त्याच्यावर निर्धास्त होते.

नव्या कॅमेऱ्याच्या चौकटीत मात्र भरपूर तारे मावत होते. मास्तरांनी सोमवारी, नवा कपडा घालून बघावा तसं, सगळं नव्याने मोजायला घेतलं. आदल्याच आठवड्यात खोकलेबुवांना जोराची ढास लागली होती. दुपारपर्यंत आलेख तयार झाला.

दीर्घिका हललीच नव्हती. एक रेष, आखल्यासारखी सरळ. आणि मापाचा तारा गॅमा किरणांच्या बरोबरीने चढला होता, त्यांच्याच बरोबरीने उतरला होता.

मास्तरांनी चष्मा पुसला. बाहेर कुणाची तरी सायकल पडली आणि तिच्यामागे ओळीने सगळ्या पडत गेल्या. त्यांनी पुन्हा मोजलं. मग दुसरे तारे माप म्हणून घेऊन मोजलं. तेच. तो तारा नव्हताच. फार लांबची कुठलीतरी दीर्घिका, पोटात प्रचंड कृष्णविवर, त्यातून निघालेला झोत थेट आपल्या दिशेने रोखलेला. अशी वस्तू अंतरामुळे अगदी ताऱ्यासारखी टिंबभर दिसते. ती उजळली की तिच्या मापाने मोजलेली शेजारीण मंद वाटायची. उलटा दिवा वगैरे काही नव्हतं. खोकलेबुवांना ते इतकी वर्षं फूटपट्टी म्हणून वापरत होते.

आनंद झालाच. खुर्चीतून उठून ते खोलीभर फिरले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं डोकं उतरत्या छताला आपटलं. डोकं चोळत खाली बसले तेव्हा समोर फोन होता.

बिऱ्हाड सापडलं होतं. आता दर गुरुवारी विचारायचं काय?

गुरुवारी फोन वाजला.

“काय म्हणतायत आपले खोकलेबुवा?”

“तुमच्याकडे,” मास्तर म्हणाले, “थंडी पडली का?”

“थंडी? पडली की. स्वेटर काढलाय. का हो?”

“सहज. इकडे जरा बोचरं वारं आहे.”

बाईंनी भाषणाच्या चित्रांविषयी सांगितलं. उलट्या दिव्याचं चित्र मोठं करून, लाल रंगात काढलंय म्हणाल्या. मास्तर “छान, छान” म्हणाले.

रविवारी त्यांची धाकटी बहीण आली. ती महिन्यातून एकदा येऊन त्यांच्या घराची झाडाझडती घेई. फ्रिजमधलं शिळंपाकं फेकी, अंथरुणांना ऊन दाखवी आणि मग पाय वर घेऊन चहा पीत भांडे.

“दादा, चहात साखर नाही.”

“घातली होती बहुतेक.”

“हे घे तुझं ‘बहुतेक’. डोक्याला काय लागलंय ते?”

“छत.”

“कपाटाकडचं? ते तर तुझ्या लहानपणापासूनच्या मित्रासारखं आहे. काय झालंय, नीट सांग.”

मास्तरांनी सांगितलं. ताऱ्याचं, दीर्घिकेचं, लाल चित्राचं. धाकटीला खगोलशास्त्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण दादाच्या बोलण्यात कुठे अडखळ आली ते तिला बरोबर कळे.

“म्हणजे सापडलं ना? मग कळव की त्या बाईंना.”

“कळवायचंय. एकदा कळवलं की संपलं.”

“काय संपलं?”

“काम.”

“काम होय,” धाकटी म्हणाली. तिने कपात आणखी साखर घातली आणि गरजेपेक्षा जास्त वेळ ढवळत राहिली. “बाई जाणार कधी?”

“बुधवारी.”

“आणि फोन येणार गुरुवारी. म्हणजे नंतर तुला म्हणता येईल, आपण मुद्दाम काही लपवलं नाही, नुसतं गुरुवारची वाट बघत बसलो. मोठा साळसूद! तिने चारचौघांत उभं राहून लाल चित्र दाखवायचं, कुणीतरी उठून विचारायचं, आणि तिचं तोंड पडायचं. चालेल तुला?”

“नाही चालणार.”

“मग?”

“त्यांच्या घरी माणसं असतील. मधेच फोन करायचा म्हणजे...”

“दादा,” धाकटी म्हणाली, “आईला दवाखान्यात नेलं होतं तेव्हासुद्धा तू मला फोन न करता चालत सांगायला आला होतास. आता तिथवर चालत जाणार आहेस का?”

मंगळवारी सकाळी मास्तरांनी खोलीचं दार आतून लावलं. बाईंच्या मोबाइलचा नंबर भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेला होता. बाईंनीच सांगून लिहायला लावला होता, कधी लागला तर असावा म्हणून. त्यांनी तो फिरवला. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा घंटा वाजू लागली आणि ठेवून द्यावा असं वाटेपर्यंत उचललाही गेला.

“हॅलो?”

“मी बोलतोय.”

“मी कोण?”

“वेधशाळेतून. म्हणजे जिन्याखालून.”

“मास्तर?” खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “अहो, काय झालं? कोण गेलं?”

“कुणी नाही. आपला मापाचा तारा... तो हलतोय.”

मास्तरांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. सरळ रेष सांगितली, चढउतार सांगितला, कुठले तारे माप म्हणून घेतले तेही सांगितलं. बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की आपण उभे आहोत.

“हे कधी कळलं तुम्हाला?” बाईंनी विचारलं.

“गेल्या सोमवारी.”

“म्हणजे गुरुवारी आपण बोललो तेव्हा माहीत होतं.”

“हो.”

“आणि तुम्ही मला थंडी पडली का विचारलंत.”

“हो.”

“का हो?”

मास्तरांकडे उत्तर होतं, पण ते फोनवर बोलण्यासारखं नव्हतं. समोरासमोर तर नव्हतंच. “नीट सांगता येणार नाही,” ते म्हणाले. “पण सांगायला हवं होतं. चुकलं.”

तिकडून संगणकाच्या कळांचा आवाज येऊ लागला. बराच वेळ तेवढाच येत होता.

“मास्तर, जागा पुन्हा सांगा बरं. त्या ताऱ्याची.” त्यांनी आकडे सांगितले. पुन्हा कळा. मग बाई एकदम हसू लागल्या, आणि त्या हसण्यात थोडं रडूही असावं असं मास्तरांना वाटलं. “तिथे टिंब होतं हो माझ्या चित्रात!”

“होतं म्हणजे?”

“मी पुसलं. आमच्याकडे असा एखादा दणदणीत स्रोत असला ना, की त्याच्या भोवती खोटी टिंबं उमटतात. दुर्बिणीचा दोष असतो तो. चित्र स्वच्छ करायचं म्हणजे ती पुसायची. दर वेळी ते टिंब तिथे असायचं आणि दर वेळी मी पुसायचे. हट्टी डाग म्हणायचे त्याला. तुम्ही त्याला फूटपट्टी केलंत आणि मी केर. आणि दोघं मिळून आकाशभर शोधतोय.”

“तुमचं भाषण...”

“भाषण उद्या निघाल्यावर गाडीत बदलायचं. ते लाल चित्र आता रद्दीत. गुरुवारी कळून काही उपयोग नव्हता. फोन केलात ते बरं केलंत.”

त्यानंतरचे दिवस मास्तरांना नंतर आठवताना एकात एक मिसळलेले आठवत. बाईंनी भाषणात दोघांची चूक जशीच्या तशी सांगितली आणि सभागृह हसलं, पण आपल्यातल्या माणसाला हसावं तसं. बाकीच्यांनी हात दिला. क्ष-किरणांची दुर्बीण थोडा वेळ तिकडे वळवली गेली. नेमक्या त्या जागी ठिपका निघाला. एका मोठ्या दुर्बिणीने त्याचा उजेड रंगारंगांत फोडून अंतर काढून दिलं. तो उजेड वाटेला लागला तेव्हा पृथ्वी तयारही झालेली नव्हती. त्या दिवसांत बाईंचा फोन कधीही येई, सकाळी, दुपारी, एकदा तर मास्तर दार लावून निघाले असताना. ते धावत परत आले होते.

मग शोधनिबंध छापून आला. गॅमा स्रोतांच्या यादीत खोकलेबुवांच्या नावापुढचा ‘ओळख पटलेली नाही’ हा शेरा गेला आणि एक लांबलचक क्रमांक आला. बाईंनी अभिनंदन केलं, मास्तरांनी बाईंचं केलं. कुणी कुणाला निरोप दिला नाही.

पुढच्या गुरुवारी फोन वाजला नाही. त्याच्या पुढच्याही. डोंगरावरच्या माणसाने मात्र विचारणा केली, त्या कोपऱ्याचे फोटो अजून काढायचे का.

“बंद करा,” मास्तरांनी कळवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कुलूप उघडलं तेव्हा संगणकात काही येऊन पडलेलं नव्हतं.

ते येत राहिले. जुन्या अहवालांत प्रश्नचिन्हं काढत, खोडत. कबुतराचं पिल्लू उडून गेलं. एका गुरुवारी त्यांनी यादी उघडली. ओळख न पटलेले स्रोत तिच्यात ढिगाने होते. दोघांच्याही दुर्बिणींना दिसेल असा एक त्यांनी निवडला आणि त्याची जागा एका चिठोऱ्यावर नीट लिहून घेतली. काय बोलायचं तेही ठरवलं. ‘एक प्रस्ताव होता, सवडीने बघा.’ मग भिंतीवरचा नंबर फिरवला. या वेळी चुकला नाही.

“बोला मास्तर,” बाई म्हणाल्या. आवाजामागे केंद्रातला पंखा नव्हता, यंत्रांची घरघर नव्हती. “आज मी घरीच आहे. रजा पडून होत्या. काय निघालं नवीन?”

मास्तरांनी चिठोऱ्याकडे पाहिलं. तो हातात होता. त्यांनी तो टेबलावर पालथा ठेवला.

“काही निघालं नाही,” ते म्हणाले.

“मग?”

“मग काही नाही. गुरुवार आहे, म्हणून केला.”

घास घेत असतील, मास्तरांना वाटलं. पाहुणे असतील. हात फोन ठेवायला निघालाच होता.

“थांबा,” बाई म्हणाल्या. “ठेवू नका हं. चहाचं आधण ठेवते आणि येते.”

फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज झाला. मग पावलं, लांब जाणारी. मास्तरांनी कान रिसीव्हरला घट्ट लावला. नळ सुटला, बंद झाला. काडी ओढली गेली. पहिली विझली असावी, दुसरी पेटली. डबा उघडला. कुठे कुणाचं बोलणं नाही, दार नाही, रेडिओ नाही. ते वाट बघत राहिले, भरल्या घराची, त्याच्या एखाद्या आवाजाची. मग ओट्यावर कप ठेवल्याचा आवाज आला, आणि त्यांनी दुसऱ्याची वाट पाहिली, पण दुसरा आला नाही.

खिडकीबाहेर कुणीतरी सायकल काढत होतं. मास्तरांनी आपला कप जवळ ओढला. त्यातला चहा कधीच गार झाला होता. तो हातात धरून, पावलं परत येईपर्यंत, ते ऐकत बसले.